आज्ञार्थ

मराठी क्रियापदाच्या रूपांत सर्वांत लहान रूप आज्ञार्थाचे असते. 'बस', 'थांब', 'जा' : द्वितीय पुरुषी एकवचनी आज्ञेत धातूला कोणताही प्रत्यय लागत नाही. विनंती करायची, आदर दाखवायचा, शंका व्यक्त करायची, तर शब्दाला काही ना काही जोडावे लागते. हुकूम द्यायचा तर उघडा धातू पुरतो. सत्ता जितकी निःशंक, तितकी तिची भाषा आखूड, हे जणू व्याकरणातच नोंदलेले आहे. या प्रवृत्तीचे टोक आज राजाज्ञेत शोधण्याचे कारण नाही. संगणककक्षाच्या कोपऱ्यात ठेवलेल्या यूपीएसशी कमांड लाइनवरून जो संवाद चालतो, त्यात ते दिसते.

वीज गेल्यावर बॅटरीच्या बळावर संगणक काही काळ चालू ठेवणारे हे यंत्र भारनियमनाचे दिवस अनुभवलेल्या महाराष्ट्रातील वाचकाला अपरिचित नाही. मात्र त्याला स्वतःची भाषा आहे, हे सहसा लक्षात येत नाही. एपीसीच्या जुन्या स्मार्ट-यूपीएस यंत्रांत ही भाषा एकेका अक्षराची होती. संगणकाने तारेवरून 'वाय' हे अक्षर पाठवले की यंत्र 'एसएम' असे उत्तर देई आणि बोलणे सुरू होई. बाहेरची वीज गेली की ते आपण होऊन एक उद्गारचिन्ह पाठवी, परतली की डॉलरचे चिन्ह आणि बॅटरी संपत आली की टक्क्याचे.

या भाषेतील खरे विचारप्रवर्तक स्थळ मात्र निराळे आहे. जोडलेल्या उपकरणांची वीज तत्काळ तोडण्याची आज्ञा 'झेड' या एकाच अक्षराची होती. पण ते अक्षर एकदा पाठवून भागत नसे. ते दोनदा पाठवावे लागे, आणि दोहोंमध्ये दीड सेकंदाहून अधिक विराम असावा लागे. तारेवर चुकून उमटलेल्या अक्षराने, किंवा एका दमात ओतलेल्या अक्षरांच्या लोंढ्याने यंत्रे बंद पडू नयेत, हा त्या विरामाचा अर्थ. सर्वांत घातक शब्द सर्वांत आखूड आहे, हे ओळखून त्याच्या रचनाकारांनी शब्द लांबवला नाही. त्यात मौन घातले.

1998 मध्ये रसेल क्रॉल यांनी आरंभलेल्या आणि पुढे 'नेटवर्क यूपीएस टूल्स' या नावाने रूढ झालेल्या मुक्त आज्ञावलीत हाच विवेक अधिक विस्ताराने आढळतो. तिच्यात 'ओएल' म्हणजे वीज आहे, 'ओबी' म्हणजे भार बॅटरीवर आहे, 'एलबी' म्हणजे बॅटरी संपत आली आहे. शेवटच्या दोन खुणा एकत्र दिसल्या की निरोपाचा विधी सुरू होतो. एकाच यूपीएसवर अवलंबून असलेल्या संगणकांपैकी दुय्यम संगणक आधी मिटतात. मुख्य संगणक त्यांच्यासाठी थांबतो (एरवी ही मुदत पंधरा सेकंदांची असते), मग स्वतः मिटतो, आणि जाता जाता यूपीएसला वीज तोडण्यास सांगतो. मधल्या काळात बाहेरची वीज परतली, तरीही ती तोडावीच लागते. तोडली नाही, तर मिटलेल्या संगणकांना वीज आल्याची जाणीवच होणार नाही आणि ते तसेच निपचित राहतील. पुन्हा उठता यावे म्हणून पूर्ण विझावे लागते. या मुख्य आणि दुय्यम संगणकांना पूर्वी 'मालक' आणि 'गुलाम' अशा अर्थाचे शब्द होते. 2022 मधील 2.8.0 या आवृत्तीत ते बदलले गेले. संज्ञांनाही आपला इतिहास वाहावा लागतो, याची ही नोंद.

जे. एल. ऑस्टिन यांनी 1962 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या व्याख्यानांत, उच्चारणे हेच ज्यांचे कर्म आहे अशा वाक्यांचा विचार मांडला. अशी वाक्ये खरी किंवा खोटी नसतात. ती सफल होतात किंवा फसतात. कमांड लाइन ही अशा वाक्यांची वसाहतच आहे. तिथेही फसगतीची जागा सूक्ष्म आहे. यूपीएसला आज्ञा दिल्यावर पडद्यावर 'ओके' उमटते, तेव्हा सांगितलेले घडले असा त्याचा अर्थ होत नाही. आज्ञा पुढे पोचवण्यासाठी स्वीकारली गेली, एवढेच ते सांगते. प्रत्यक्ष फल जाणून घ्यायचे तर थांबण्याचा वेगळा पर्याय निवडावा लागतो. होकार आणि पूर्तता यांतील हे अंतर मानवी व्यवहारात नित्याचे आहे. यंत्राने ते फक्त उघड केले.

आज्ञा देणारा माणूस अनेकदा दुसऱ्या गावी असतो. त्याच्या ओळीत यंत्राचे नाव असते. त्या नावात चूक झाली, तर व्याकरण निर्दोष राहते आणि भलत्याच ठिकाणची वीज जाते. तिथे एखाद्या ग्रंथालयाच्या नोंदी अर्ध्यावर असतील, एखाद्या रुग्णाचा अहवाल लिहिला जात असेल. पडद्यावरील ओळीत त्यांचा मागमूस नसतो. उघड्या धातूत कर्ता दिसत नाही, तसाच भोगणाराही दिसत नाही. म्हणूनच आज्ञेच्या भाषेत प्रभुत्वाइतकेच विरामाचे शिक्षण आवश्यक ठरते. दोन अक्षरांमधील दीड सेकंद यंत्रासाठी हिशेबाचा असेल. माणसासाठी तो नाव पुन्हा एकदा वाचून पाहण्याइतका पुरेसा आहे.