ट्राउटच्या तळ्यावर आप्पांसोबत

आपल्यापैकी अनेकांची मुले कॅनडात स्थायिक झाली आहेत, आणि उन्हाळ्याचे चार-सहा महिने त्यांच्याकडे काढण्याचा योग आपल्याला येतो. पहिले पंधरा दिवस नातवंडांत कसे जातात ते कळत नाही. पुढे मात्र घर रिकामे झाल्यावर खिडकीपाशी बसून समोरचा निर्मनुष्य रस्ता पाहत राहणे, एवढेच हाती उरते. माझ्या वडिलांचे, आप्पांचे, तसेच झाले होते. वय 76, उजव्या हाताला कंप, आणि आदल्या वर्षी न्हाणीघरात पाय घसरल्यापासून उंबऱ्याबाहेर पडण्याची धास्ती. अशा माणसाला मी होडीत बसवून मासे धरायला नेले, हे वाचून आपल्या भुवया उंचावतील. माझ्या नवऱ्याच्याही उंचावल्या होत्या.

ब्रिटिश कोलंबिया प्रांतात, व्हँकुव्हरच्या ईशान्येस सुमारे साडेतीनशे किलोमीटरवर कॅमलूप्स हे शहर आहे. त्याच्या भोवतालच्या उंच पठारावर टंक्वा, रोश यांसारखी असंख्य लहानमोठी तळी विखुरलेली आहेत. हिवाळ्यात ती गोठतात. वसंतात बर्फ वितळले की वरचे आणि तळाचे पाणी एकमेकांत मिसळते, काही दिवस ते गढूळ राहते आणि मासा रुसतो. म्हणून घाई करू नये. आम्ही टंक्वावर गेलो ते मेच्या अखेरीस, पाणी निवळल्यावर.

आप्पांचे बालपण मालवणच्या खाडीकाठी गेले. गरी, दोरा आणि कोळंबीचा तुकडा, एवढे त्यांचे मासेमारीचे शास्त्र. इथली गरी पाहून ते हसलेच. तिच्यावर आमिष नव्हते. काळा दोरा, चांदीसारखी बारीक तार आणि टोकाला पांढऱ्या धाग्याचा झुपका. "खायला काही नाही, आणि मासा येणार?" त्यांनी विचारले.

त्याचे उत्तर तळाच्या चिखलात आहे. तिथे कायरोनोमिड नावाच्या कीटकाच्या अळ्या राहतात. त्यांच्या अंगात आपल्यासारखेच हिमोग्लोबिन असते, म्हणून त्यांतल्या अनेक लालभडक दिसतात, आणि प्राणवायू तुटपुंजा असलेल्या चिखलातही तगतात. अळीचा कोष झाला की त्यात वायू भरतो आणि तो चकाकत, अगदी सावकाश वर येऊ लागतो. वर पोचल्यावर त्यातून डासासारखा, पण न चावणारा कीटक उडून जातो. या संथ चढणीत रेनबो ट्राउट त्याला गाठतो. आयते आणि मुबलक अन्न मिळू लागले की हा मासा कमालीचा चोखंदळ होतो. त्या दिवशी वर येणारा कोष ज्या आकाराचा, ज्या रंगाचा आणि ज्या खोलीवर असेल, तसाच त्याला हवा. जरा मोठी गरी दिसली की तो तोंड फिरवतो. पथ्याच्या ताटाकडे पाहणारे घरातले वडीलधारे आठवावेत.

खोली मोजण्याची युक्ती मला फार आवडली. गरीला एक धातूचा चिमटा अडकवून तो तळाला टेकेपर्यंत सोडायचा, दोऱ्यावर पाण्याच्या पातळीशी रंगीत तरंगता मणी बसवायचा, मग गरी वर ओढून मणी वीतभर खाली सरकवायचा. चिमटा काढला की गरी तळापासून वीतभर वर, नेमकी माशाच्या वाटेत, लटकते. होडीला पुढे आणि मागे असे दोन नांगर हवेत. होडी वाऱ्याने फिरली की गरीही ओढली जाते. त्यानंतर काम एकच, बसून मण्याकडे पाहणे. उभे राहावे लागत नाही, दोरा लांब फेकावा लागत नाही, खांद्याला ताण नाही.

मात्र तयारी चोख असावी. तोल जाण्याचा किंवा हृदयाचा विकार असेल तर निघण्याआधी डॉक्टरांशी बोलावे. मे महिन्यातले ते पाणी इतके थंड असते की अचानक पडल्यास श्वास कोंडतो. म्हणून जीवरक्षक जाकीट काठावरच चढवावे आणि दिवसभर काढू नये. पाठीला टेका असलेली बैठक घ्यावी. डोळ्यांवर चष्मा असावा, तो उन्हासाठी आणि उडत्या गरीसाठीही. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर जखम दाबून धरायला पट्टी जवळ ठेवावी. गरीचा उलटा काटा आधीच चिमट्याने दाबून टाकावा. दर दीड-दोन तासांनी काठाला यावे. लघवीच्या भीतीने म्हातारी माणसे पाणी पीत नाहीत, हे काळजी घेणाऱ्याने ओळखायचे असते. मासेमारीचा परवाना पाहुण्यांनाही लागतो.

तासभर काही घडले नाही. आप्पा पाण्यावर तरंगणारी कोषांची रिकामी टरफले निरखत होते. एक बोटावर घेऊन म्हणाले, "आपली गरी याच्या दुप्पट आहे." खरेच होते. बाराऐवजी सोळा क्रमांकाची गरी हवी होती. आकडा मोठा तितकी गरी लहान. मी ती उचलली आणि दोरा ओवू लागले.

"दे इकडे," ते म्हणाले.

"आप्पा, मी बांधते ना. हात हलतोय तुमचा."

"हलू दे. वर्षभर तूच बांधते आहेस सगळे. शर्टाची बटणेसुद्धा."

मला बोलता आले नाही. मनगट गुडघ्यावर टेकवून त्यांनी ओवायला घेतले. सहा वेळा दोरा चुकला. माझे हात दोनदा पुढे गेले, दोनदा मी ते मांडीखाली दाबले. सातव्यांदा दोरा आत गेला. गाठ ओली करून त्यांनी ती दातांनी आवळली, खाडीकाठी आवळत तशी.

दुपारी मणी एकदम बुडाला. मासा हातभर लांब नसेल, पण त्याच्या कुशीवरचा गुलाबी पट्टा उन्हात झळकला. तो सोडायचा असे आमचे ठरले होते. पलीकडे लून पक्षी टपून बसला होता. थकलेला मासा तो हमखास पळवतो. आप्पांनी मासा पाण्यातच, होडीच्या सावलीत धरून ठेवला. हात कापत होता. लून दूर जाईपर्यंत त्यांनी तो सोडला नाही.