उतरून गेलेला स्वार

महिनाभर मी कान दुखतो म्हणून सांगत होतो. कानाच्या डॉक्टरांनी बॅटरी लावून आत डोकावून पाहिलं, कान स्वच्छ असल्याचं सांगितलं आणि मला दातांच्या डॉक्टरांकडे धाडलं. दोष खालच्या अक्कलदाढेचा निघाला. आजी म्हणायची, "दाढ आणि कान एकाच आळीत राहतात." शरीरशास्त्र तिच्या गावी नव्हतं, पण आळी तिनं अचूक ओळखली होती.

दुखणं कानापर्यंत पोचवतात त्या नसा. मात्र रक्तही दोन्हीकडे एकाच वाटेनं येतं. मानेतून वर चढणारी धमनी जबड्याच्या सांध्याखाली, गालातल्या लाळग्रंथीत दुभंगते. एक फाटा कानापुढून कानशिलावर जातो. तिथं बोट टेकलं की ठोका लागतो. दुसरा जबड्याच्या आड वळतो आणि वळता वळताच वाटणी सुरू करतो. त्याची एक बारीक शाखा कानाच्या नळीकडे जाते, दुसरी पडद्यामागच्या पोकळीत शिरते, आणखी एक खालच्या जबड्याच्या हाडातल्या बोगद्यातून दाढांच्या मुळांशी पोचते.

हा शेजार जुना आहे. कानातल्या हातोडी आणि ऐरण या हाडांचं मूळ जबड्याच्या सांध्यात आहे, हे जर्मन शरीरशास्त्रज्ञ कार्ल राइखर्ट यांनी 1837 मध्ये गर्भांच्या अभ्यासातून मांडलं. सरपटणाऱ्या प्राण्यांमध्ये हीच हाडं अजून चावायच्या कामी येतात.

मला मात्र भुरळ घातली ती तिसऱ्या हाडानं, रिकिबीनं. जेमतेम 3 मिलिमीटरचं, शरीरातलं सर्वांत लहान हाड. त्याला मधोमध भोक का? गर्भात त्यातून एक धमनी जाते आणि जबड्याला रक्त पुरवते. हाड तिच्याभोवतीच घडतं. पुढे मानेतली धमनी जबड्याचा कारभार आपल्याकडे घेते आणि ही जुनी वाट सहसा जन्माआधीच विरून जाते. उंदरात ती जन्मभर वाहती राहते.

माझी दाढ काढली, कान शांत झाला. हिरडीतला खड्डा काही आठवड्यांत वरून मिटलाही. रिकिबीतलं भोक तसं बुजत नाही. स्वार कधीच उतरून गेला. आजीचा आवाज मात्र मी इतकी वर्षं त्याच रिकिबीवरून ऐकत आलो.