‘पॅटर्न’ आणि माया

काही इंग्रजी शब्द आपल्या घरात इतके रुळलेत की ते परके वाटतच नाहीत. त्यातलाच एक ‘पॅटर्न’. आपली त्याच्याशी ओळख झाली ती विणकामातून. दोन सुलट, दोन उलट, हा स्वेटरचा पॅटर्न. ब्लाउज बेतायला जुन्या वर्तमानपत्राचा कागद कापायचा, तोही पॅटर्नच. खरं म्हणजे आपल्याकडे शब्दांचा तोटा नाही. लोकरीची वीण, साडीची नक्षी, अक्षराचा कित्ता, आणि या सगळ्यांना चालणारा ‘नमुना’. पण माणसाला ‘काय नमुना आहे!’ म्हटलं की त्याची शोभाच होते, नाही का?

आमच्या नांदेड-लातूरकडे मात्र हा शब्द शिवणाच्या डब्यातून निघाला आणि थेट कॉलेजात जाऊन बसला. जादा तास, सततचा सराव, चाचणीमागून चाचणी, अशी अभ्यासाची रीत लातूरच्या राजर्षी शाहू महाविद्यालयात घडली आणि ‘लातूर पॅटर्न’ म्हणून राज्यभर गाजली. तिथले प्राचार्य डॉ. जनार्दन वाघमारे यांना या पॅटर्नचे जनक म्हणतात. १९९४ साली नांदेडला विद्यापीठ निघालं, त्याचे पहिले कुलगुरूही तेच. पुढे २०१० च्या सुमारास नांदेडचे तेव्हाचे जिल्हाधिकारी डॉ. श्रीकर परदेशी यांनी कॉपीमुक्त परीक्षेची मोहीम चालवली, तर तिचा झाला ‘नांदेड पॅटर्न’!

गंमत पाहा, इंग्रजीत ‘पॅटर्न’ आणि आश्रयदाता या अर्थाचा ‘पेट्रन’ हे मुळात एकच. दोन्ही जुन्या फ्रेंचमधून आले आणि त्यांचं मूळ लॅटिनमधल्या ‘बाप’ या अर्थाच्या शब्दात आहे. म्हणजे ‘जनक’ हा शब्द नकळत अगदी चपखल बसला म्हणायचा!

आता दहावीचा निकाल लागला की हळदीकुंकवात काय नि भाजी घेताना काय, एकच प्रश्न: “लेकराला लातूरला टाकलं का?” या पॅटर्ननं लहान गावांतली, शेतकऱ्यांच्या घरातली कितीतरी मुलं डॉक्टर-इंजिनिअर झाली, हे मान्यच आहे. पण मी शाळेत चार तास शिकवते, तिथं रोज बघते. फळा एक, बाई एक. तरी एकीला गणित एकदा सांगून पुरतं, दुसरीला चारदा सांगावं लागतं आणि तिसरी वहीच्या मागच्या पानावर सुरेख मोर काढत बसलेली असते.

मग करायचं काय? आपल्याला शिवणातलं ठाऊकच आहे. कागद कितीही मापाचा असो, आपण कधी अगदी रेघेवरून कातर चालवतो का? कडेनं बोटभर कापड जास्त ठेवतो. पुढेमागे तंग झालं तर उसवून सैल करता येतं. त्या जास्तीच्या कापडाला आपण म्हणतो ‘माया’.

लेकरू खोली करून शिकायला राहणार असेल, तर पेटी भरतानाच त्याला सांगून ठेवा, “नाही जमलं तर घरी ये, दुसरं काही बघू.” फोनवर पहिला प्रश्न मार्कांचा नको. जेवलास का, झोप होते का, हे आधी विचारा. पॅटर्न कॉलेज देईल हो, माया मात्र आपणच ठेवायची असते.