महिना नव्याण्णव रुपये

वर्धा जिल्ह्यातल्या आमच्या आष्टीबद्दल मी लिहिलेला सगळा मजकूर एकत्र केला तर जेमतेम एक एमबी भरतो. देवनागरीतलं एकेक अक्षर आणि एकेक मात्रा तीन-तीन बाइट खाते, तरीही एवढंच. मोबाइलवर काढलेला संत्र्याच्या बागेचा एक फोटो याच्या तिप्पट-चौपट असतो. आणि एवढ्याशा ऐवजासाठी मी २०१७च्या दिवाळीत ‘अनलिमिटेड’ होस्टिंग घेतलं, तेही एकदम तीन वर्षांचं.

त्या वर्षी ऑगस्टमध्ये बेचाळीसच्या लढ्याला पंचाहत्तर वर्षं झाली होती. १६ ऑगस्ट १९४२, नागपंचमीचा दिवस. आष्टीतले लोक पोलीस ठाण्यावर चालून गेले, गोळीबार झाला, गावची माणसं पडली, पोलीसही मारले गेले. पुढे खटले उभे राहिले, फाशीच्या शिक्षा झाल्या आणि नंतर त्या बदलल्या गेल्या. चिमूरचं नाव आमच्या गावाच्या जोडीनं घेतलं जातं ते याच तारखेमुळे. मी शाळामास्तर, तेव्हा नुकताच निवृत्त झालेलो. जुन्या माणसांकडून ऐकून उतरवलेल्या वह्या घरात पडून होत्या. शिवाय मुहम्मद खान नियाझीच्या मकबऱ्यावर लिहायचं होतं. जहांगीरच्या काळात आष्टीची जहागीर मिळालेल्या या सरदाराचा मकबरा गावातच आहे, पण वर्ध्याबाहेर फारसा कुणाला ठाऊक नाही. तेव्हा म्हटलं, साइट काढू.

अमरावतीत वेबसाइट करून देणारा एक ओळखीचा मुलगा होता. मी त्याला विचारलं, कोणतं होस्टिंग घ्यायचं? हा प्रश्नच आधी चुकीचा होता, हे मला फार उशिरा कळलं. विचारायला हवं होतं ते हे, की साइटचं नाव, म्हणजे डोमेन, कुणाच्या नावावर नोंदवणार आणि मजकुराची प्रत कुठे राहणार. तो म्हणाला, “सर, अनलिमिटेडच घ्या. मंग मांगं-पुढं पाहाचं काम नाही.” मलाही ते पटलं. महिना नव्याण्णव रुपये आणि वर डोमेन फुकट! चहापाण्याला याहून जास्त जातात.

नव्याण्णवचा भाव छत्तीस महिन्यांचे पैसे एकदम भरले तरच होता. ३,५६४ रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. डोमेन फुकट म्हणजे पहिलं वर्ष फुकट. आणि तीन वर्षांनी नूतनीकरणाचा भाव तिपटीहून जास्त. हे सगळं त्यांच्या पानावर लिहिलेलं होतं, बारीक अक्षरात का होईना, पण लिहिलेलं होतं. शाळेत मुलांना प्रश्नपत्रिका दोनदा वाचा म्हणून सांगणारा माणूस मी.

‘अनलिमिटेड’चा अर्थ पहिल्याच वर्षी कळला. जागा अमर्याद असली तरी फायलींच्या संख्येला मर्यादा असते. माझी साइट ज्यावर बांधली होती ते वर्डप्रेस तर तुम्ही चढवलेल्या प्रत्येक फोटोच्या लहान-मोठ्या कितीतरी प्रती स्वतःच करून ठेवतं. मी मकबऱ्याचे फोटो मोबाइलमधून जसेच्या तसे चढवत होतो, चार-पाच एमबीचा एकेक. पान उघडायला इतका वेळ लागे की वाचणारा माणूस तोवर निघून जाई. तेच फोटो आकार कमी करून दोनशे केबीचे केले असते तर मोबाइलच्या पडद्यावर कुणाला फरकही कळला नसता.

२०१८ साली नागपंचमी १५ ऑगस्टलाच आली. तिथी आणि तारीख अशी लागून आल्यामुळे गावच्या सगळ्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर माझ्या लेखाची लिंक फिरली. पुण्या-मुंबईतल्या आष्टीकरांनी ती पुढे पाठवली. आणि साइट बंद. पडद्यावर ५०८ हा आकडा आणि मर्यादा संपल्याचा इंग्रजी निरोप. शेजारच्यानं दारात येऊन विचारलं, “सर, तुमच्या साइटले का झालं बाप्पा?” मला तरी कुठे ठाऊक होतं!

झालं होतं असं. स्वस्त होस्टिंगमध्ये एकाच सर्व्हरवर शेकडो साइट असतात आणि प्रत्येकीला प्रोसेसर व मेमरीचा ठरावीक वाटा मिळतो. वर्डप्रेसचं पान कुणी उघडलं की सर्व्हर ते दरवेळी डेटाबेसमधून नव्यानं जुळवतो. पन्नास माणसं एका वेळी आली की तो वाटा संपतो. तयार पान साठवून तेच सगळ्यांना दाखवणारं एखादं फुकटचं कॅशिंग प्लगइन बसवलं असतं तरी भागलं असतं. मी काय केलं? घाबरून वरचा, महाग प्लॅन घेतला. वर्षाकाठी एकदा, दोन दिवस होणाऱ्या गर्दीसाठी बारा महिन्यांचे पैसे. या एका गोष्टीचा मला अजून राग येतो, आणि तो माझाच मला येतो.

एक खास मराठी अडचणही सांगतो, कारण ती इंग्रजी मार्गदर्शनात सहसा सापडत नाही. लेखाचा पत्ता देवनागरीत ठेवला तर आतल्या आत एकेका अक्षराची आणि मात्रेची नऊ रोमन चिन्हं होतात. वर्डप्रेस दोनशे चिन्हांवर पत्ता कापतं. म्हणजे मराठीची बावीस अक्षरं, मात्राही त्यातच. माझ्या लांबलचक मथळ्यांचे पत्ते मध्येच तुटत, आणि व्हॉट्सॲपवर पाठवलं की टक्क्यांच्या खुणांची लांबच लांब माळ दिसे. लोकांना वाटे व्हायरस आहे. पत्ता छोटा आणि रोमन ठेवावा, मथळा मराठीत मनसोक्त लिहावा, असं माझं मत झालं आहे. माझ्या भाषाप्रेमी मित्रांना ते पटत नाही.

१० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गला ओव्हीएच या मोठ्या होस्टिंग कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली. एक इमारत पूर्ण जळाली. काही ग्राहकांच्या बॅकअपच्या प्रती त्याच आवारात होत्या, त्याही गेल्या. मी ती बातमी वाचली, चुकचुकलो आणि पान उलटलं. माझे बॅकअप कुठे होते? साइट ज्या खात्यावर होती त्याच खात्यावर, एका फोल्डरमध्ये.

माझं काही जळलं नाही. माझं साध्या तारखेनं गेलं. १ ऑक्टोबर २०२१पासून कार्डावरून दरवर्षी आपोआप कापल्या जाणाऱ्या पैशांसाठी रिझर्व्ह बँकेचा नवा नियम लागू झाला. त्याप्रमाणे ग्राहकानं नव्यानं मंजुरी दिली नसेल तर पैसे कापले जात नाहीत. नियम चांगलाच आहे, माझी तक्रार त्याच्याबद्दल नाही. पण मी ‘ऑटो-रिन्यू’ चालू करून निर्धास्त बसलो होतो, आणि होस्टिंग व डोमेन दोन्हींच्या सूचना येत होत्या त्या माझ्या झोकदार ईमेल पत्त्यावर. तो पत्ता माझ्याच साइटच्या नावाचा होता, त्याच होस्टिंगवर चालणारा. साइटबरोबर टपालपेटीही बंद. मुदत संपली हे सांगणारी पत्रं बंद पेटीत टाकली जात होती!

मला कळलं तेव्हा दिवाळी होऊन गेली होती. होस्टिंगवालेही खात्यावरचा मजकूर मुदतीनंतर ठरावीक काळच ठेवतात. तो काळ उलटला होता. डोमेन अजून पूर्ण सुटलं नव्हतं. डॉट कॉमचं नाव मुदत संपल्यावर लगेच बाजारात जात नाही. आधी काही दिवसांची सवलत, मग तीस दिवसांचा काळ, ज्यात जादा दंड भरून ते परत घेता येतं, मग पाच दिवस आणि त्यानंतर ते कुणालाही खुलं. मी दंडाच्या काळात होतो. दंड भरायला तयारही होतो, पण नोंदीत मालक म्हणून माझं नावच नव्हतं. त्या मुलानं त्या दिवशी स्वतःचं नाव, स्वतःचा मोबाइल घातला होता. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. फॉर्म पटकन भरायचा होता आणि मी शेजारी बसून चहा पीत होतो. गावात कुणी दुसऱ्याच्या नावचा सातबारा घेऊन शेत पेरायला निघाला तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. मुलगा आता हैदराबादला नोकरीला होता. त्याला शोधून, जुना पासवर्ड आठवायला लावून नाव सोडवलं. तो मात्र दरवेळी “सर, सॉरी” म्हणे, आणि मला जास्त ओशाळं वाटे.

मजकुराचं रडगाणं वेगळं. लॅपटॉपवर कधीकाळी उतरवलेली डेटाबेसची एक प्रत सापडली. ती नव्या ठिकाणी चढवली तर मराठीच्या जागी डोक्यावर टोप्या आणि टिंबं घेतलेली रोमन अक्षरं. जुना डेटाबेस लॅटिन अक्षरसंचावर लावलेला होता, युनिकोडवर नाही. पुण्याच्या भाच्यानं ते उलगडून पुष्कळसं सरळ केलं. “मामा, टोप्या असल्या तर परत येते, प्रश्नचिन्हं असली तर गेलं समजा,” तो म्हणाला. शेवटचे काही लेख निव्वळ प्रश्नचिन्हं होते. त्यातले थोडे इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर मिळाले. एका म्हाताऱ्या बाईंची नागपंचमीच्या सकाळची आठवण मी थेट साइटवर टंकली होती, वहीत नव्हती. ती मिळाली नाही, आणि त्या बाई आता नाहीत.

आता वर्डप्रेस नाही, डेटाबेस नाही. भाच्यानं सगळे लेख साध्या, स्थिर पानांत बदलले आणि ती पानं गिटहब पेजेसवर फुकट ठेवली. स्थिर पान जुळवावं लागत नाही, त्यामुळे १६ ऑगस्टची गर्दी त्याला जाणवत नाही. ज्याला स्वतः लिहून लगेच छापायचं आहे आणि भाचा हाताशी नाही, त्यानं ब्लॉगर घ्यावं. आपलं डोमेन त्याला जोडता येतं. फुकटच्या जागेवर जन्माचा भरवसा मात्र मी ठेवत नाही. जिओसिटीज ही अशीच फुकटची जागा याहू कंपनीनं १९९९मध्ये विकत घेतली आणि २००९मध्ये बंद केली, लोकांच्या लाखो पानांसकट. म्हणून दर महिन्याला सगळी पानं पेन ड्राइव्हवर उतरतात, आणि एक प्रत पुण्याला असते. वर्षाचा खर्च डोमेनचा तेवढा. ते वेगळ्या ठिकाणी, माझ्या नावावर, माझ्या मोबाइलवर आणि साइटशी संबंध नसलेल्या ईमेलवर आहे. पत्त्याशेजारच्या कुलूपचिन्हासाठी, म्हणजे सुरक्षिततेच्या प्रमाणपत्रासाठी, पूर्वी दरवर्षी पैसे भरत होतो. लेट्स एन्क्रिप्टचं प्रमाणपत्र २०१५च्या अखेरीपासून फुकट मिळतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं.

परवा पुतण्या आला. संत्र्याच्या कलमांची नर्सरी आहे त्याची, साइट काढायची म्हणतो. मी म्हटलं, डोमेन कोणाच्या नावानं घेणार ते आधी सांग. “काका, ते त्या पोरानं घेतलं न,” तो म्हणाला, “तीन वर्षाचे पैसे भरले मी कालच. लय स्वस्तात भेटलं.”