गिअरचा दांडा आणि तरफेचा हिशेब

‘गिअर लांब पडतो’ ही तक्रार जुनी गाडी चालवणाऱ्या कुणाकडूनही ऐकायला मिळते. दुसरा टाकायचा तर दांडा पार सीटपर्यंत ओढावा लागतो, तिसरा तर शोधावाच लागतो. यावर तरुण पोरांमध्ये हल्ली एक उपाय फार बोलला जातो, तो म्हणजे शॉर्ट शिफ्टर. गिअरचा दांडा बदलायचा किंवा त्यात असा फेरफार करायचा, की हात थोडा हलवला तरी गिअर पडावा.

आमच्या घरात हा विषय शौक म्हणून आला नाही. माझे दुल्हेभाई सोलापुरात शाळेच्या मुलांची ने-आण करणारी ओम्नी चालवतात. वय अठ्ठावन्न. दीड वर्षापासून डावा खांदा आखडला आहे, आणि आपल्याकडे गिअर डाव्याच हाताला. सकाळ-दुपारच्या फेऱ्यांत तो हात किती वेळा पुढे-मागे होत असेल, याची मोजदाद नाही. संध्याकाळी आपा गरम पाण्याची पिशवी तयार ठेवते. घराचा खर्च त्याच गाडीवर चालतो, म्हणून ‘आता बंद करा’ असं कुणी म्हणत नाही.

भाचा एकवीस वर्षांचा आहे. बापाचे हाल बघून त्याने मोबाईलवर व्हिडिओ पाहिले आणि माझ्याकडे आला. “मामू, अब्बू का हाथ कम हिलना चाहिए ना? तो डंडाच छोटा कर देते. लेथवाले से बात हो गई है.” दांडा मधून कापायचा, थोडा तुकडा काढून टाकायचा आणि पुन्हा वेल्डिंग करायचं, असा बेत. त्यामागची माया मला दिसत होती. पण त्याला हो म्हणण्याआधी आम्ही दोघं कागद घेऊन बसलो.

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवतो. विज्ञान माझा विषय नाही, तरी एका शब्दामुळे ते दरवर्षी माझ्या तासाला येतं. लिव्हरला मराठीत ‘तरफ’ म्हणतात. आमच्या मुलांसाठी तरफ म्हणजे बाजू, दिशा. त्यांच्या विज्ञानाच्या पुस्तकात याच वस्तूचं नाव ‘बैरम’ आहे. मग फळ्यावर टेकू, बल आणि भार काढून दाखवावे लागतात. गिअरचा दांडा ही तीच तरफ. वरच्या टोकाला आपला हात, खालच्या टोकाला गिअरबॉक्सकडे जाणारा रॉड, आणि मधे टेकू म्हणून एक गोल सांधा.

हिशेबासाठी सोपे आकडे घेऊ. टेकूच्या वर दांडा 240 मिलिमीटर, खाली 40. म्हणजे सहास एक. खालचं टोक 10 मिलिमीटर सरकायला हवं असेल, तर हात 60 मिलिमीटर हलतो. बदल्यात हाताला जोर एक षष्ठांशच लावावा लागतो. आता वरून 60 मिलिमीटर कापले, की प्रमाण साडेचारास एक होतं. हात 60 ऐवजी 45 मिलिमीटर हलेल, म्हणजे पाव भागाने कमी. पण जोर तिसऱ्या हिश्श्याने वाढेल. विकत मिळणाऱ्या किटमध्ये बहुधा टेकू वर घेतात किंवा खालचा भाग लांब करतात. खाली 40 चे 50 केले, तर हाताची हालचाल एक पंचमांशाने घटते आणि जोर पाव भागाने वाढतो. कसंही करा, जितकं अंतर वाचवाल तितका जोर मोजावा लागतो. तरफ उधारी ठेवत नाही.

भाचा कागदाकडे बघत राहिला. आखडलेल्या खांद्याला कमी अंतर हवं की कमी जोर, हे विचारायला आम्ही दुल्हेभाईंकडेच गेलो. ते म्हणाले, “हात जाता है रे, दबता नहीं.” हात पुढे जातो, पण रेटताना कळ येते. म्हणजे आखूड दांड्याने त्यांचं दुखणं वाढलं असतं. शिवाय दांडा आखूड झाला की मूठ आणखी खाली जाते आणि तिथवर पोचायला खांदा वाकवावाच लागतो. वेल्डिंगचा सांधा भर रस्त्यात तुटला तर, हा विचार वेगळाच. मागे लोकांची लेकरं बसलेली असतात.

मग गाडी नेहमीच्या गॅरेजला नेली. तिथले उस्ताद आठवी शिकलेले आहेत. त्यांनी भाच्याला दांडा हलवत ठेवायला सांगितला आणि स्वतः खाली गेले. ओम्नीत दांडा पुढे आणि गिअरबॉक्स मागे, इंजिनला जोडून. मधल्या रॉडच्या सांध्यांना बुश असतात. खालून आवाज आला, “डंडा लंबा नहीं है, बुश खतम हैं.” वर दांडा हलत होता, पण खालचा रॉड जागचा हलत नव्हता. याला गॅरेजच्या भाषेत ‘प्ले’ म्हणतात.

आमच्या कागदावरचा सहाचा आकडा इथे पुन्हा कामाला आला. खालच्या बाजूला बुश झिजून 3 मिलिमीटरचा प्ले आला, तर मुठीजवळ तो 18 मिलिमीटर होतो. गिअर लांब पडतो असं वाटतं ते बऱ्याचदा यामुळे. दांडा आखूड केला असता तर तेच 18 साडेतेरा झाले असते. प्ले गेला नसता, फक्त कमी जाणवला असता. आणि प्लेमध्ये रॉडची चाल वाया जात राहिली, की गिअर पुरता बसत नाही, चालत्या गाडीत निसटतो.

मग शॉर्ट शिफ्टर ही निव्वळ फसवणूक आहे का? तसं नाही. 1989 मध्ये आलेल्या माझदा एमएक्स-5 या दोन सीटच्या गाडीचा दांडा मुळातच आखूड चालीचा आहे आणि त्याचं कौतुक आजही होतं. पण त्या गाडीत दांडा थेट गिअरबॉक्सवर उभा आहे. मधे लांबचा रॉड नाही, केबल नाही, त्यामुळे प्ले यायला जागाही कमी. पुढची चाकं ओढणाऱ्या आजच्या बहुतेक गाड्यांत दोन केबल असतात, एक पुढे-मागे होण्यासाठी, दुसरी डाव्या-उजव्यासाठी. तिथे किट बसवताना दोन्हींचं माप जुळलं नाही, तर तिसऱ्याऐवजी पाचवा पडू शकतो.

गिअरबॉक्सच्या आतली गोष्टही लक्षात ठेवावी. फिरणाऱ्या दोन भागांचा वेग सारखा करून मगच गिअर बसू देणारी सिंक्रोमेशची सोय 1928 मध्ये कॅडिलॅकने गाडीत आणली. त्यातल्या कड्या घर्षणाने काम करतात आणि त्यांना क्षणभर वेळ लागतो. आखूड दांडा हाताला घाईची सवय लावतो. घाईने रेटलं की त्या कड्या झिजतात, आणि हे काम बुशसारखं स्वस्त नाही. त्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो.

आमच्या ओम्नीला उस्तादांनी नवे बुश घातले, सांध्यांना ग्रीस भरलं आणि क्लचची केबल जुळवून घेतली. क्लच पुरता सुटत नसेल तरी गिअर जड पडतो. दांडा होता तेवढाच राहिला. दुल्हेभाईंनी एक फेरी मारून बघितली आणि म्हणाले, “अब ढूँढना नहीं पड़ता.” खांदा मात्र अजून दुखतो. डॉक्टरांनी दिलेला व्यायाम भाचा रोज स्वतः उभा राहून करून घेतो, आणि लायसन्सचं काम उरकून दुपारची फेरी आपण घ्यायची, असं त्याने ठरवलं आहे.

तुमच्याही गाडीचा गिअर लांब पडत असेल, तर पैसे खर्च करण्याआधी एवढं करा. गाडी सपाट जागी, इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला. क्लच दाबून गिअर टाका आणि मूठ दोन बोटांनी पुढे-मागे हलवा. काहीच अडत नसताना ती बरीच हलत असेल, तर आधी बुश किंवा केबल बघून घ्या. सगळं घट्ट असूनही चाल लांब वाटली, तर मग खुशाल शॉर्ट शिफ्टरचा विचार करा. मात्र गाडी घरात आणखी कोण चालवतं आणि त्याचा हात किती जोर लावू शकतो, हे त्यालाच विचारून घ्या.