देवमाशाच्या गावाला

देवमासा बघायला कुणी एवढं लांब जातं का, असं शेजारच्या वहिनींनी मला तोंडावरच विचारलं. मैत्रिणींनो, त्यांचंही बरोबरच होतं. आमचं घर रत्नागिरीत, गच्चीवर वाळवण घालायला गेलं की समुद्र दिसतो. पण आम्ही निघालो होतो ते धाकट्या दिरांकडे, कोपनहेगनला. ह्यांना रजा मिळाली नाही, म्हणून २०२५ च्या मे महिन्यात मी, सासूबाई आणि आमची चिनू अशा तिघीच गेलो. तिथून आइसलंड विमानाने तीन-साडेतीन तासांवर. जाऊबाईंनी परस्पर तिकिटं काढून ठेवली होती. "चिनूला देवमासे दाखवू या, वहिनी!" त्या हौसेने म्हणाल्या आणि माझ्या पोटात गोळा आला.

त्याचं कारण सांगते. २०२३ च्या नोव्हेंबरात, भर दिवाळीत, गणपतीपुळ्याच्या किनाऱ्याला देवमाशाचं एक पिल्लू लागलं होतं. तुमच्यापैकी कितीतरी जणींनी वर्तमानपत्रात वाचलं असेल. आम्ही बघायला गेलो. माणसं त्याच्या अंगावर पाणी ओतत होती, ओली फडकी घालत होती. तेव्हा आठ वर्षांची असलेली चिनू माझा पदर ओढून विचारत होती, "आई, त्याची आई कुठाय?" मी आपलं बोलून गेले, "येईल हं, वाट बघतेय ती." पुढे बोटीने ओढून पिल्लाला खोल पाण्यात सोडलं, पण ते वाचलं नाही. चिनूला शाळेत कळलं. घरी येऊन एवढंच म्हणाली, "तू खोटं बोललीस." त्यानंतर ती वाळूवर खेळायला म्हणून गेली नाही. आम्हीही विषय काढला नाही. मुलं विसरतात, असं आपण स्वतःला सांगत राहतो.

तर हूसाविक. आइसलंडच्या उत्तर टोकाला, ध्रुववृत्ताच्या जरासं खाली असलेलं हे बंदर. आपलं एखादं हर्णै समजा, फक्त नारळाच्या जागी बर्फाचे डोंगर. लाकडी चर्च आहे, १९०७ साली बांधलेलं, पांढरं-तांबडं, दिवाळीच्या किल्ल्यावर ठेवावं असं. रात्री अकराला खिडकीत ऊन! सासूबाई म्हणाल्या, "दिवेलागण नाहीच, मग शुभंकरोति म्हणायचं कधी?" शेवटी घड्याळात सात वाजले तसं म्हटलं.

गावासमोरच्या उपसागराचं नाव स्क्यालफांदी, म्हणजे थरथरणारा. भूकंपाचा मुलूख ना! दोन नद्या या उपसागराला मिळतात, त्यांच्या पाण्याबरोबर पोषक द्रव्यं येतात, त्यावर बारीक जीव वाढतात, त्यांच्यावर मासळी आणि मासळीमागे देवमासे. इथल्या जुन्या ओकच्या मासेमारी बोटी १९९५ पासून पाहुण्यांना देवमासे दाखवायला जाऊ लागल्या. पण याच देशाने १९८६ पासूनची आंतरराष्ट्रीय बंदी असूनही २००६ साली धंद्यासाठी देवमाशांची शिकार पुन्हा सुरू केली. २०२३ च्या उन्हाळ्यात जनावरांचे हाल होतात म्हणून सरकारने ती थांबवली आणि सप्टेंबरात पुन्हा मोकळीक दिली. एकाच गल्लीत देवमासा दाखवण्याची तिकिटं आणि खाणावळीच्या फळ्यावर त्याचं मांस. मला काही ते पटलं नाही. पण आपल्याकडे तरी काय, बैलाची पूजा एक दिवस आणि पराणी वर्षभर.

बोटीवर चढण्याआधी प्रत्येकाला एक जाड, अंगभर, पायांतूनच चढवायचा डगला देतात. सासूबाईंची साडी त्यात कशी मावणार? जाऊबाईंनी पाच मिनिटं खटपट करून निऱ्या गुडघ्यापर्यंत गुंडाळल्या आणि चेन ओढली. ध्यान असं दिसत होतं की त्या स्वतःच हसत सुटल्या. जाणार असाल तर एक सांगते, साडीचा हट्ट धरू नका, लोकरीचे पायमोजे दोन जोड घाला आणि उपाशीपोटी बोटीत बसू नका. मी आलेपाक नेला होता, त्याने तारलं.

तासभर नुसतं पाणी. लुंडे बेटाजवळ पफिन पक्षी दिसले, रंगीत चोचीचे, उडताना फार घाईत असल्यासारखे. चिनू मात्र बाकावर पाठ फिरवून बसलेली. एवढ्यात वाट दाखवणारी मुलगी ओरडली, "तीन वाजता!" सासूबाईंनी डगल्याच्या बाहीतून घड्याळ काढलं. "अहो, अजून अकराच वाजलेत." मग उलगडा झाला. बोटीचं नाक म्हणजे बारा आणि तीन म्हणजे उजवीकडे.

उजवीकडे पाण्यातून वाफेचा खांब उठला. पाठोपाठ काळी, ओली पाठ, संपेचना. हा कुबड्या देवमासा, हंपबॅक. बारा ते सोळा मीटर लांब, आमच्या एस.टी.पेक्षा मोठा. वाऱ्याबरोबर त्याच्या श्वासाचा वास आला. सुकटाची पिशवी आठवडाभर बंद राहिल्यावर येतो तसा. नाव देवमासा असलं तरी हा मासा नव्हे. आपल्यासारखा हवेवर जगतो, पिल्लांना दूध पाजतो. हिवाळ्यात हजारो मैल दक्षिणेच्या गरम समुद्रात वीण होते, आणि तिथे आई जवळजवळ काही न खाता स्वतःच्या चरबीवर पिल्लाला पोसते. पिल्लू साधारण वर्षभर तिच्याजवळ असतं.

तीन-चार श्वास घेऊन त्याने शेपूट वर काढलं, त्यावरून पाणी निथळलं, आणि आवाज न करता खाली गेला. मागे पाण्यावर गुळगुळीत गोल चट्टा राहिला, तेलाचा तवंग असावा तसा. शेपटाच्या खालची पांढरी-काळी नक्षी प्रत्येकाची वेगळी, आपल्या अंगठ्याच्या ठशासारखी. त्यावरूनच इथले अभ्यासक त्यांना ओळखतात.

मागे वळून पाहिलं तर चिनू कठड्याला धरून उभी. केव्हा उठली कुणास ठाऊक. तिने जाऊबाईंना सांगितलं, "काकू, त्यांना विचार, पिल्लू चुकलं तर त्याची आई काय करते?"

मला वाटलं, आता ही मुलगी काहीतरी गोड सांगून वेळ मारून नेईल, माझ्यासारखी. तिने जरा विचार केला. म्हणाली, मेलेल्या पिल्लाला वर धरून राहिलेल्या माद्या लोकांनी पाहिल्या आहेत, पण चुकलेल्याला ती किती शोधते हे मला माहीत नाही. पाण्याखाली आम्हाला फारसं दिसतच नाही.

जाऊबाईंनी जपून, शब्द तोलून ते मराठीत सांगितलं. चिनूने मान हलवली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तुलाही माहीत नव्हतं ना?"

"नव्हतं," मी म्हटलं. "तेव्हाच तसं सांगायला हवं होतं."

"हं." तिने आलेपाकाची वडी मागितली.

परतताना बोटीवर गरम कोको आणि दालचिनीची गुंडाळलेली गोड पोळी वाटली. सासूबाईंनी ती हातात घेऊन उलटसुलट पाहिली आणि ही घरी करता येईल म्हणाल्या. चिनू अर्धी पोळी हातात धरून मागच्या कठड्याशी उभी राहिली ती बंदर येईपर्यंत, आणि दर दोन मिनिटांनी ओरडत होती, "आजी, सहा वाजता! आजी, नऊ वाजता!" तिथे बहुतेक वेळा नुसत्या लाटाच होत्या.