मास्टर मशीन

मे महिना. लॅब रिकामी. तीस मशीनांना फॉरमॅट मारायचाय. दरवर्षी पेनड्राइव्ह घेऊन खुर्चीमागून खुर्ची फिरायचो. तिसाव्यापर्यंत पोचेस्तोवर पहिल्यावर काय टाकलं तेच आठवायचं नाही. यंदा जुन्या डेस्कटॉपवर डेबियन टाकलं, त्यावर फॉग हे क्लोनिंगचं सॉफ्टवेअर बसवलं. एका मशीनवर, म्हणजे मास्टरवर, सगळं नीट लावायचं, त्याची इमेज काढायची, तिसांवर ओतायची.

*

डिस्क कोरी असली तरी मशीन उठतं ते पीएक्सईमुळे. नेटवर्क कार्ड आधी पत्ता मागतं. डीएचसीपी पत्ता देतो, वर सांगतो : बूट फाइल अमक्या सर्व्हरवर, तमक्या नावाची. ती आणायची टीएफटीपीनं. हा मूळचा ५१२ बाइटांचे घास भरवणारा. एक गिळल्याची पोच आल्याशिवाय पुढचा नाही. म्हणून त्याच्याकडून आयपीएक्सईचा छोटा लोडर तेवढा घ्यावा. कर्नल एचटीटीपीनं, इमेज एनएफएसवरून.

*

जुन्या बायोसला एक बूट फाइल, यूईएफआयला दुसरी. चूक फाइल दिली की मशीन गप्प. सिक्युअर बूट बंद केला का, हे आधी बघणे.

*

पहिली सकाळ वाया. राउटरचा डीएचसीपी चालूच होता, त्यात माझाही सुरू केला. जो आधी उत्तर देईल त्याचा पत्ता! माझ्या पत्त्यांत गेटवेच नव्हता. ऑफिसातून फोन : "सर, नेट गेलं." आता डीएनएसमास्क प्रॉक्सी म्हणून चालवतो. पत्ते राउटरनंच वाटायचे, आपण फक्त बूट फाइलचं सांगायचं.

*

हिशेब. दाबून १२ जीबीची इमेज, गुणिले ३०, म्हणजे ३६० जीबी. गिगाबिटवर सेकंदाला ११० एमबी धरले तरी पाऊण तासाच्या वर, साधारण ५५ मिनिटं. मल्टिकास्टनं तोच डेटा तारेवर एकदाच जातो, सगळे एकदम उचलतात. मग वेळ लागतो तो डिस्कवर लिहायला.

*

पण मल्टिकास्ट म्हणजे पंगत. सगळ्यांत सावकाश जेवणारा उठेपर्यंत कुणी उठायचं नाही. १७ नंबरचं मशीन १०० एमबिटवर अडकलेलं. त्याच्यापायी सगळ्यांना १७ मिनिटं. दोष केबलचा निघाला. गिगाबिटला तारांच्या चारही जोड्या लागतात, १०० ला दोन पुरतात. तुटलेली जोडी इतकी वर्षं कुणाला जाणवलीच नव्हती. नवा प्लग क्रिंप केला.

*

सारखं करणं सोपं, नंतर वेगळं करणं अवघड. तिसांचं नाव एक, एसएसएचच्या किल्ल्या त्याच, मशीन-आयडीसुद्धा तोच. इमेज काढण्याआधी मास्टरवरची मशीन-आयडीची फाइल रिकामी करायची, किल्ल्या पुसायच्या, पहिल्या बूटला नव्या पडतील अशी सोय ठेवायची. विंडोजला हेच काम सिसप्रेप करतं. मास्टर आधी स्वतःला विसरला पाहिजे.

*

संध्याकाळी तीसही एकदम उठली. बघत उभा राहिलो. मग दिसलं : प्रत्येक डेस्कटॉपच्या कोपऱ्यात एक फाइल. 'पोहे, गोडंतेल, गॅसवाल्याला फोन.' मास्टरवर दुपारी टिपून ठेवली होती.

किल्ल्या पुसल्या, ही राहिली.

इमेज पुन्हा काढणे. गॅसवाल्याला फोन आधी.